नदीच्या खालच्या अंगाला

नाकाला रुमाल लावायचा नाही. एवढी एक अट मान्य असेल तर निघू. हातातलं घड्याळ, खिशातला फोन आणि पायातले बूट इथंच ठेवा. अनवाणी चाललात तरी कुणी वळून पाहणार नाही. जिथं जायचंय तिथं पायताणं करणाऱ्यांच्या पोरांच्याच पायात पायताण नाही.

साल 1896, महिना फाल्गुन. मुलूख कोल्हापूर संस्थानाचा. शाहू महाराजांनी कारभार हाती घेतल्याला दोन वर्षं होत आलीत, मिरजेची रेल्वे कोल्हापूरला पोचल्याला पाच. तुम्ही मात्र रेल्वेपासून लांब, चिकोत्रा नदीच्या काठच्या एका गावात उतरलात. पात्रातलं पाणी घोट्यापर्यंत आलंय. बांधावरच्या पळसाला पान नाही, नुसती फुलं. सकाळचा वारा नदीवरून तुमच्याकडे येतोय आणि त्यात एकामागून एक तीन वास आहेत. पहिला ओल्या चुन्याचा, नाकात झोंबणारा. दुसरा कुजक्या चरबीचा. याच्यासाठीच रुमालाची अट घातली होती. तिसरा वास उशिरा येतो, पण आला की टिकतो. चहाचा चोथा रात्रभर भांड्यात राहिल्यावर येतो तसा, तुरट. त्या तिसऱ्या वासाच्या मागे चला.

चालताना एक ध्यानात येईल. गावाचे पाणवठे नदीच्या उतारानं लागलेत. वरच्या डोहावर ज्यांचा हक्क, त्यांची घरंही वर. मग एकेक पायरी खाली. धुणं, गुरं, मग आणखी खालचे घाट. सगळ्यांचं वापरून झालेलं पाणी जिथं येतं, तिथं ढोरवाडा. कातडं कमावण्याच्या कामाला साऱ्या गावात सर्वांत जास्त पाणी लागतं, आणि ते काम करणाऱ्यांच्या वाट्याला सर्वांत शेवटचं पाणी.

आलात. समोर लाकडाच्या घोडीवर म्हशीचं अख्खं कातडं टांगलंय. कडा वाकाच्या दोरीनं शिवून कातड्याचीच पिशवी केली आहे, वरचं तोंड तेवढं उघडं. आत बाभळीची कुटलेली साल, फोडलेले हिरडे आणि काठोकाठ पाणी. ते पाणी कातड्यातून पाझरतं, घामासारखं बाहेर येतं आणि खालच्या रांजणात ठिबकतं. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी करवंटीच्या डवलीनं रांजणातलं पाणी उपसून पुन्हा पिशवीत ओततेय. दिवसभर तिला हेच काम. काही दिवसांनी शिवण उसवतील, पिशवी उलटी टांगतील, ताजी साल भरतील आणि पुन्हा हेच.

त्याआधी काय झालं ते अंगणातच पसरलेलं दिसेल. चुन्याच्या कुंडात भिजत पडलेली कातडी. ओंडक्यावर कातडं टाकून बोथट सुरीनं केस आणि मांस खरवडणारा माणूस. त्याच्या कोपरापर्यंतच्या कातडीला चुन्यानं भेगा पडल्यात. मग नदीत धुणं, तुडवणं, पुन्हा धुणं. चुना थोडा जरी आत राहिला तर पुढं साल लागताना कातडं डागाळतं, काळवंडतं. म्हणून तो तुडवतो, पाणी तोंडात घेऊन चव बघतो आणि थुंकतो. हो, चव. चुना गेला की नाही हे सांगणारी दुसरी कसोटी त्याच्याजवळ नाही.

तो मान वर करून तुम्हाला विचारतो, "कुनाकडं आलासा, पावणं?" आणि तुम्ही काही बोलायच्या आत, "कुनापैकी?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. काहीही सांगितलंत तरी त्याची अडचणच व्हायची. "रंग बघायला आलोय" म्हणा. तो हसेल. रंग बघायला इथं कोण येतं? रंग बघायचा तर पेठेत जावं.

पण रंग इथंच तयार होतोय, तुमच्या डोळ्यांदेखत. कापूस रंगवायचा तर आधी सूत तयार, मग रंग. दोन कामं, दोन माणसं. कातड्याचं तसं नाही. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं, त्यामुळे ते कुजत नाही. त्याच वेळी ते रंगतंही. कमावणं आणि रंगवणं एकाच पिशवीत, एकाच पाण्यात होतं. बाभळीची साल तांबूस तपकिरी छटा देते. हिरडा पिवळट. दोन्हींचं प्रमाण हा त्या घरचा हिशोब, तो वजनकाट्यावर होत नाही. शेळीचं पातळ कातडं पांढरट हवं असेल तर बाभूळ बाजूला ठेवून माळावरच्या तरवडाची साल घालतात. असं फिकं कातडं पुढं लाल रंगासाठी उपयोगी पडतं.

हिरड्याकडे नीट बघा, कारण या अंगणातली जगभर फिरणारी वस्तू ती एकच. घाटातल्या रानातून गोळा होतो, बैलांच्या पाठीवरून किनाऱ्यावर उतरतो, गलबतात चढतो. विलायतेतल्या कातडी कारखान्यांत हिरड्याच्या एका प्रतीला 'व्हिंगोर्ला' म्हणतात. म्हणजे आपलं वेंगुर्ला. बंदराचं नाव तिकडच्या व्यापाऱ्यांच्या वहीत चढलं. रान तुडवून हिरडा वेचणाऱ्यांचं किंवा या अंगणातल्या लोकांचं नाव कुठल्याच वहीत नाही.

तुम्हाला तहान लागली असेल. मुलीकडं पाणी मागितलंत तर ती आईकडं बघेल, आई नवऱ्याकडं. कुणी नाही म्हणणार नाही आणि कुणी देणारही नाही. शेवटी बाई हातानं नदीच्या वरच्या अंगाला दाखवेल. याला उद्धटपणा समजू नका. तुम्ही कोण ते तिला ठाऊक नाही. तिच्या हातचं पाणी तुम्ही प्यालात आणि उद्या कुणी बोभाटा केला तर मार तुम्हाला बसणार नाही. ती तहान तशीच घेऊन पुढं चला. या प्रवासात पदरात पडणारी सर्वांत खरी माहिती तीच आहे.

आता त्या कोपऱ्यातल्या मडक्यापाशी या. तोंडाला फडकं बांधलंय, ते सोडलं की आंबूस वाफ येते. आत घोड्याचे झिजलेले नाल, गाडीच्या धावेचे तुकडे, गंजके खिळे. वर गूळ आणि पाणी. पंधरा-वीस दिवस झालेत. गूळ आंबला, त्याचं आम्ल झालं आणि आम्लानं लोखंड खाल्लं. पाणी मात्र काळं नाही. गढूळ, तांबूस, अगदी निरुपद्रवी दिसतं.

तो माणूस फडक्याचा बोळा बुडवतो आणि कमावलेल्या चामड्याच्या तुकड्यावरून फिरवतो. बघत राहा, पापणी लवू देऊ नका. तांबूस चामडं राखी झालं, मग जांभळट, मग काळंभोर. दहा श्वासांत. मडक्यात काळा रंग नव्हताच, चामड्यातही नव्हता. लोखंड आणि टॅनिन भेटले तिथं तो जन्मला. हिरडा आणि हिराकस घालून शाई करणारे लिहिणारे लोक हेच रसायन दौतीत वापरतात. वरच्या आळीत ते विद्या म्हणून ओळखलं जातं. खालच्या आळीत त्याला वास येतो.

"आनि एक हात?" तुम्ही विचारता.

"नगं. लई पाजलं की भेगाळतं." तो पाण्यानं पुसून घेतो, मग तळव्यावर करडईचं तेल घेऊन चामड्यात जिरवतो. आज प्रयोगशाळेत सांगतील की जास्तीचं लोखंड राहिलं तर काही वर्षांत चामड्याची वीण आतून तुटते. त्यानं ते आजोबाच्या मोटेकडं बघून शिकलंय. जुन्या मोटेला लोखंडी कडी असते, आणि चामडं आधी कडीपाशीच फाटतं.

इथून वर चला. वेशीच्या आत, पण अगदी मध्यात नव्हे, असं सनगराचं घर. सनगर आणि धनगर यांच्या घोंगड्यांवर हा सारा मुलूख झोपतो, पावसाळ्यात शेतात उभा राहतो आणि देवाच्या नावानं भंडारा उधळतो. इथं तुम्हाला बसायला सांगतील. घोंगडं झटकून अंथरतील, पाणी देतील, वर गुळाचा खडा. पाणी पिताना मगाचं अंगण आठवलं तर चांगलंच आहे.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस तुमच्याकडं फार लक्ष देणार नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ लावायचं काम चाललंय आणि खळ वाळायच्या आत कुंचा फिरवावा लागतो. बोलायचं तर आजीशी. अंगणात चुलवणावर तांब्याचं भांडं ठेवून तीच बसली आहे.

दख्खनी मेंढराची लोकर जाडी, राठ. काळी, करडी, थोडी पांढरी. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ आणि सर्वांत काळी. पुढं उन्हापावसानं तोच काळा तांबूस पडत जातो. म्हणून गिऱ्हाइकाला कुळकुळीत काळं हवं असेल तर आजी सूत आधी हिरड्याच्या काढ्यात घालते, मग लोखंडाच्या पाण्यात. तेच लोखंडाचं पाणी, तोच गूळ. हिरडासुद्धा आठवडी बाजारातल्या त्याच पोत्यातला. तिच्या दारात आणि ढोरवाड्यात हाकेचं अंतर आहे, दोघांचं रसायन एक आहे, आणि दोन मडक्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. बोलणं होतं ते बांधावर, मध्ये चार हात सोडून: "औंदा हिरडा किडका हाय का गं?" एवढंच.

आज मात्र काळं नाही, लाल चाललंय. कुणाच्या तरी लग्नाच्या घोंगड्याला लाल काठ हवाय.

लाल येतो लाखेतून. पळसाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे लाखेचं कवच करतात. फांद्यांवरून खरवडलेली कच्ची लाख आजीनं काल कुटली, किंचित पापडखार टाकलेल्या पाण्यात भिजवली आणि हातानं मळली. पाणी गडद लाल झालं, ते गाळून घेतलं. उरलेली राळ टाकायची नाही. सोनाराला दागिन्यात भरायला लागते, लाखेच्या बांगड्या करणाऱ्यालाही. लाल पाण्यात आता चिंचेचा कोळ. हा आंबटपणा लोकरीसाठी. लोकरीला खार मानवत नाही, तिचा तंतू खारानं चिकट होतो, विरतो. आंबट पाण्यात मात्र लाखेचा रंग ती पटकन ओढून घेते.

सुताची तयारी दोन दिवस आधीपासूनची. मेंढरं कातरण्याआधीच ओढ्यात धुतली होती. सूत पुन्हा रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतलं, कारण लोकरीचं मेण जाईपर्यंत रंग आत शिरत नाही. मग तुरटी. "शेराला आट-धा तोळं," आजी सांगते. शेराचे ऐंशी तोळे धरले तर हे दहा-बारा टक्के झाले. आज लोकर रंगवण्याचं कुठलंही चांगलं पुस्तक उघडा, तुरटीचं प्रमाण याच्याच आसपास सापडेल. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हातानं लोकरीला धरतं आणि दुसऱ्या हातानं रंगाला. लाखेसाठी कधी कधी काष्ठौषधीच्या दुकानातून लोध्राची सालही आणतात. या झाडाचं कुळ जमिनीतलं ॲल्युमिनियम स्वतःत साठवून ठेवतं, म्हणजे ती झाडावर उगवलेली तुरटीच. हे कुणी कधी पहिल्यांदा ताडलं असेल, याचा विचार करून मला अजून नवल वाटतं.

आता आजी सूत भांड्यात सोडते. खाली शेणींचा विस्तव, ज्वाळ नाही. पाणी हळूहळू तापतं. "हात घालून बगा," ती म्हणते. घाला. कोमट. थोड्या वेळानं पुन्हा. आता बोट टेकवतं पण ठेववत नाही. पाण्यावर वाफ आहे, बुडबुडा नाही. इथंच थांबवायचं. ती दोन शेणी बाहेर ओढते. सूत ढवळायचं नाही, काठीनं अलगद उलटायचं. गरम पाण्यात लोकर चोळली तर तिचे खवले एकमेकांत अडकतात आणि सुताचा नमदा होतो. संध्याकाळी विस्तव विझेल, सूत रात्रभर भांड्यातच निवत राहील. सकाळी पाणी जवळजवळ नितळ आणि सूत लाल. गरम सूत गार पाण्यात टाकणाऱ्या सुनेला आजी काय म्हणते ते इथं छापण्यासारखं नाही.

मघाच्या चामड्यालाही हाच लाल देता येतो. तरवडात कमावलेल्या शेळीच्या फिक्या कातड्यावर लाखेचं पाणी फडक्यानं थरावर थर चढवतात. फरक एका गोष्टीचा. लोकर ताप सोसते, चामडं सोसत नाही. झाडपाल्यात कमावलेलं चामडं 70-75 अंशांच्या पुढं गेलं की आकसायला लागतं आणि एकदा आकसलं की पुन्हा सरळ होत नाही. म्हणून चामड्याचा रंग नेहमी कोमट, हातानं फासलेला, सावलीत वाळवलेला. दोन्ही जनावरांच्या अंगावरूनच आलेली प्रथिनं, दोन्हींना तुरटी आणि टॅनिन मानवतं. पण एकाला चूल लागते आणि दुसऱ्याला तळहात.

निळ्याचं विचारू नका, आजी हात झटकेल. निळं काम निळाऱ्याकडं. त्याचा रांजण जमिनीत पुरलेला असतो, त्यात नीळ, चुना आणि टाकळ्याच्या उकडलेल्या बिया आंबत असतात. रांजण नीट आंबला की पाणी पिवळट हिरवं दिसतं. सूत बाहेर काढलं तेव्हा हिरवं असतं आणि हवेत धरलं की निळं पडतं. चुना जास्त झाला तर लोकर गेलीच. निळाऱ्याला तुम्ही भेटलात तर एक गोष्ट सांगायचा मोह होईल. सांगू नका. पुढच्या वर्षी, 1897 मध्ये, जर्मनीतली 'बीएएसएफ' कंपनी कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणणार आहे. तांबड्याचं तेच आधी होऊन गेलंय. मंजिष्ठेच्या वर्गातल्या मुळांमधला अलिझरिन हा लाल रंग 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून तयार केला, आणि वऱ्हाड-खानदेशाकडची, तांबड्या रंगासाठी होणारी आल या झाडाची शेती त्या धक्क्यातून उठली नाही.

तो धक्का या अंगणातही आला आहे, फक्त छोट्या पुडीतून. आजीची सून पदराच्या गाठीतून ती काढून दाखवते. कागदाच्या पुडीत हिरवट चमकणारी भुकटी. चिमूटभर पाण्यात टाकली की पाणी डोळे दिपवणारं किरमिजी होतं. विलायती मॅजेंटा. लोकरीला तुरटी नको, चिंच नको, रात्र नको. गरम पाण्यात पाव घटका पुरे. चामड्यावर तर आणखी सोपं, कारण या रंगाला धरून ठेवायला टॅनिन लागतं आणि ते चामड्यात आधीच आहे. म्हणजे कमावणाऱ्यानं महिनाभर राबून जी जमीन तयार केली, तिच्यावर विलायती पीक एका दिवसात उभं.

"उनात धरलं की चार दिसात इटतंय," आजी तोंड वाकडं करते. खरं आहे, हा रंग उन्हाला फार कच्चा. पण सुनेच्या चेहऱ्याकडं बघा. तिला लाख कुटावी लागणार नाही, विस्तव राखत बसावं लागणार नाही. हाताला पडलेल्या भेगा तिच्याच आहेत. शहरात राहून निसर्गरंगांवर हळवं होणारे आपण तिला 'परंपरा सोडलीस' म्हणणार असू, तर आधी एक दिवस तिच्या जागी बसावं. तिनं पुडी घेतली ती डोळे उघडे ठेवून. पुढं अशा कारखानी रंगांतल्या काहींनी माणसाच्या शरीराला काय केलं ते कळायला वेळ लागला: ज्यांच्यातून कर्करोगकारक द्रव्यं सुटतात अशा ॲझो रंगांवर जर्मनीनं 1994 मध्ये बंदी घातली, भारतानं 1997 मध्ये. पण ते शंभर वर्षांनंतर.

परतीच्या वाटेवर, हवं तर, एक लांबचा वळसा घेऊ. 1548, व्हेनिस. छापखान्याची शाई अजून ओली आहे. जोव्हानव्हेंतुरा रोसेत्ती नावाच्या गृहस्थाचं 'प्लिक्तो' हे पुस्तक बाहेर पडतंय. लोकर, सूत, रेशीम आणि कातडं रंगवण्याच्या कृती, त्याही रंगाऱ्यांनी जिवापाड लपवलेल्या. तुरटी, मायफळ, लोखंड, लाख, नीळ सगळं त्यात आहे. कोल्हापूरच्या अंगणातलं सामान ओळखीचं वाटेल. लाख आणि नीळ तर आपल्याकडच्या बाजूनंच तिथं पोचायची. तिथले रंगारीही काही सुखात नव्हते आणि त्यांच्याही हातांना वास यायचा. पण त्यांची कृती कागदावर आली, छापली गेली, आणि पुढच्या माणसाला तिच्यात चूक काढता आली. आपल्याकडे लिहिता येणाऱ्यांनी त्या अंगणात पाऊल ठेवलं नाही आणि अंगणातल्यांना लिहू दिलं गेलं नाही. ढोर कक्कय्यांसारखा बाराव्या शतकातला शरण बसवेश्वरांच्या सोबत बसला, त्यांची आठवण ढोर समाजानं आपल्या नावात जपली. त्यांच्या कुंडातल्या चुन्याचं प्रमाण मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. परंपरा 'लुप्त झाली' असं आपण म्हणतो तेव्हा ही वाट सोयीस्करपणे विसरतो.

परत आलात. हातांना वास असेल, तो दोन दिवस राहतो.

आता घरी करून बघावंसं वाटणार. जरूर करा. शंभर ग्रॅम लोकरीला दहा-बारा ग्रॅम तुरटी, डाळिंबाची साल किंवा कांद्याची टरफलं भरपूर, मंद आंच तासभर, आणि भांड्यातच गार होऊ द्या. भांडं स्टीलचं चालेल, लोखंडी कढई नको. तिच्यात पिवळ्याचा शेवाळी होतो. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. हळद आणि पळस यांच्या मोहात पडू नका, दोन्ही उन्हात टिकत नाहीत. लाख, मंजिष्ठा, नीळ टिकतात. मंजिष्ठेला उकळी फुटू देऊ नका, लालाचा विटकरी होईल. मोरचूद आणि क्रोमच्या लवणांपासून लांब राहा, जुन्या पुस्तकांत असली तरी. 'नैसर्गिक' आणि 'निरुपद्रवी' हे दोन वेगळे शब्द आहेत. त्या चिकोत्रेच्या पाण्याला विचारा.

चामड्यासाठी लोखंडाचं पाणी करायला गूळ आणि तीन आठवडे नसतील तर व्हिनेगरमध्ये लोखंडी काथ्या आठवडाभर बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवून. त्या पाण्याचा आणखी एक उपयोग आहे. 'झाडाच्या सालीत कमावलेलं अस्सल चामडं' म्हणून जे तुम्हाला विकलंय, त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर एक थेंब सोडा. काळं पडलं तर टॅनिन आहे. नुसताच ओला डाग राहिला तर ते बहुधा क्रोमचं. ढोरवाड्यातल्या त्या माणसाच्या मडक्यातलीच कसोटी आहे ही.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठी. चप्पल शिवणाऱ्यांना त्यातून थोडं नाव मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. चामडं मात्र आता पुष्कळसं चेन्नईकडून येतं आणि पिशवी टांगून कमावणारी घरं मोजकी उरलीत. निसर्गरंगांची शिबिरं मात्र पुण्या-मुंबईत दर शनिवार-रविवारी भरतात. पुढच्या वेळी अशा शिबिराला नाव द्याल तेव्हा फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून एवढं विचारा, की शिकवायला कातडं कमावणाऱ्या घरातलं कुणी येणार आहे का. नसेल तर बोलवायला सांगा, आणि मानधन त्यांच्या हातात द्यायला सांगा.